शेती आणि अन्नाचा कायदा शिकायला निघालेल्या तुला

अनेक आशीर्वाद.

एलएलएमला, म्हणजे कायद्याच्या पदव्युत्तर पदवीला, शेती आणि अन्नकायदा घ्यायचा तुझा विचार आहे हे वाचून फार बरं वाटलं. ‘यात पुढे काय?’ असं घरचे विचारतात, म्हणून मन थोडं डळमळीत आहे, हेही तू लिहिलंस. त्याचं उत्तर देतो, पण आधी हा विषय शिकायचा कसा याबद्दल. बहुतेकांची गल्लत तिथेच होते.

हा एका कायद्याचा विषय नाही. आपल्याच राज्यघटनेत बघ. शेती राज्यसूचीत, नोंद 14. अन्नातली भेसळ समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्या अधिकारात, नोंद 18. अन्नपदार्थांचा व्यापारही समवर्ती, नोंद 33. 2020 चे तीन कृषी कायदे केंद्राने या नोंद 33 च्या जोरावर केले आणि बाजार समित्या हा राज्यांचा विषय असल्याचं सांगत त्यांना आव्हान दिलं गेलं. 2021 मध्ये कायदेच मागे घेतले गेले, त्यामुळे अधिकार कोणाचा या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आलाच नाही. प्रबंधासाठी याहून जिवंत विषय मला तरी सुचत नाही.

म्हणून माझं सांगणं एवढंच आहे: कायद्यांची यादी घेऊन बसू नकोस, एक वस्तू हातात घे आणि ती जाईल तिथे जा. समज, सोयाबीन घेतलंस. पेरण्याआधीच 1966 चा बियाणे कायदा आणि 2001 चा वाणसंरक्षण व शेतकरी हक्क कायदा भेटतो. फवारणीला 1968 चा कीटकनाशक कायदा, विक्रीला बाजार समिती, तेल झालं की 2006 चा अन्न सुरक्षा कायदा, आणि माल देशाबाहेर निघाला की कीटकनाशकाच्या अंशाची त्या देशाची मर्यादा. प्रत्येक टप्प्यावर अधिकारी वेगळा, दाद मागायची जागाही वेगळी.

बियाण्यापाशी जरा थांबू. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात बोमन नावाचा शेतकरी होता. मुख्य हंगामाला तो मोन्सॅन्टो या बियाणे कंपनीचं पेटंट असलेलं, तणनाशकाने न मरणारं सोयाबीनचं बियाणं रीतसर घ्यायचा. उशिराच्या पिकात जोखीम जास्त, म्हणून त्यासाठी त्याने धान्य कोठारातून खाण्या-दळण्यासाठी आलेलं स्वस्त सोयाबीन आणून पेरलं, त्यावर तणनाशक मारलं आणि जे तगलं त्याचं बी पुढच्या वर्षासाठी ठेवलं. 2013 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्याच्या विरोधात निकाल दिला. विकत घेतलेला दाणा तू खा, विक, पण त्याच्या नव्या प्रती काढायचा हक्क तुला मिळत नाही, असा त्याचा आशय.

आता आपला कायदा उघड. पेटंट कायद्याचं कलम 3(ञ) बियाणं आणि वाण पेटंटबाहेर ठेवतं. 2001 च्या कायद्याचं कलम 39 शेतकऱ्याला संरक्षित वाणाचंही बी राखायचा, पेरायचा, देवघेव करायचा, विकायचाही हक्क देतं. फक्त ते ब्रँडच्या नावाने विकता येत नाही. शेतात घडलं तेच, कायद्याचं उत्तर मात्र उलट. तरी हक्क लिहिलेला असला म्हणजे वाद मिटतो असं नाही. पेप्सिकोने 2019 मध्ये गुजरातमधल्या बटाटा उत्पादकांवर दावे लावले आणि गदारोळ झाल्यावर मागे घेतले. पण त्या वाणाच्या नोंदणीचा वाद चालूच राहिला. 2021 मध्ये वाणसंरक्षण प्राधिकरणाने नोंदणी रद्द केली आणि जानेवारी 2024 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने तो आदेश फिरवला. ही निकालपत्रं मुळातून वाच, बातम्यांवर भागवू नकोस.

आणि वाचताना एक प्रश्न विचार: भांडण सोयाबीनवरून का झालं? सोयाबीन स्वपरागीत आहे, म्हणजे स्वतःच्याच परागाने फळतं, त्यामुळे घरचं बी पुढच्या वर्षी तसंच येतं. संकरित मक्याचं बी राखून पेरलं तर पीक सारखं येत नाही, त्यामुळे शेतकरी आपणहून दुकानात जातो आणि कंपनीला कोर्टाची फारशी गरज पडत नाही. हे ज्याला माहीत नाही, त्याला कलम पाठ असूनही खटला कळत नाही. त्यासाठी एखाद्या कृषी महाविद्यालयातल्या प्राध्यापकांकडे जाऊन बसायची लाज बाळगू नकोस.

अन्नाच्या बाजूलाही तेच. 2015 चा मॅगी नूडल्सचा खटला सगळ्यांना त्यात शिसं असल्याच्या आरोपासाठी आठवतो. मुंबई उच्च न्यायालयाने बंदी रद्द केली ती मात्र कंपनीची बाजू ऐकून न घेतल्यामुळे आणि चाचण्या कायद्याला लागणाऱ्या मान्यतेच्या प्रयोगशाळांत न झाल्यामुळे. नव्याने तपासणीचा आदेशही दिला. नमुन्याचे चार भाग करायचे, अन्न विश्लेषकाने 14 दिवसांत अहवाल द्यायचा, या रूक्ष वाटणाऱ्या तरतुदींवरच खटले उभे राहतात आणि पडतात. खाणाऱ्याच्या आरोग्याची ज्याला खरी काळजी आहे, त्याने या तरतुदी आधी पक्क्या कराव्यात. ढिसाळ नमुन्यामुळे भेसळ करणारा सुटतो, त्याचा मला मनस्वी राग येतो.

शिकायचं कुठे? अमेरिकेत आर्कान्सा विद्यापीठाचं शेती आणि अन्नकायद्याचं एलएलएम जुनं आणि नावाजलेलं आहे. नेदरलँड्समध्ये वाखेनिंगेनला अन्नकायदा विज्ञानाच्या शेजारी बसून शिकता येतो. युरोपात गेलास किंवा गेलीस तर युरोपीय संघाचा 178/2002 हा अन्नकायद्याचा मूळ नियम आणि त्यातलं खबरदारीचं तत्त्व (शास्त्रीय पुरावा अपुरा असला तरी धोका टाळायला पाऊल उचलता येणं) नीट समजून घे, आणि शेजारी जागतिक व्यापार संघटनेचा संप्रेरकं (हार्मोन) दिलेल्या जनावरांच्या गोमांसाचा वाद ठेव. 1998 मध्ये अशा मांसावरची युरोपची बंदी जोखमीच्या शास्त्रीय मूल्यमापनावर आधारलेली नाही असं ठरलं, तरी युरोपने ती उठवली नाही.

घरच्यांना सांग की निर्यातदार, शेतकरी उत्पादक कंपन्या, अन्नप्रक्रिया उद्योग, अपील न्यायाधिकरणं, या सगळ्यांना हे जाणणारा वकील लागतो आणि तो सहज मिळत नाही. पहिली दोन-तीन वर्षं पैसा बेताचा असेल; तेही लपवू नकोस.

अर्जासोबतचं उद्देशपत्र पाठवायच्या आधी मला दाखव. त्यात ‘शेतकऱ्यांची सेवा’ वगैरे नको. कोणती वस्तू घेतलीस आणि कोणत्या टप्प्यावर तुला कायदा अपुरा वाटला, ते दोन परिच्छेदांत लिही.