माणसाचं आयुष्य 150 वर्षांपर्यंत वाढवणं नैतिकदृष्ट्या योग्य आहे का?

योग्य आहे, पण ती वर्षं कोणाला आणि कशा अवस्थेत मिळणार, हे आधी बघायला हवं.

1900 च्या सुमारास जगाचं सरासरी आयुर्मान जेमतेम 32 वर्षं होतं, आज ते सत्तरीपार गेलंय. त्यात मोठा वाटा बालमृत्यू घटल्याचा आहे. कमाल मर्यादा फारशी हललेली नाही. फ्रान्सच्या जान काल्माँ 1997 मध्ये वारल्या तेव्हा 122 वर्षांच्या होत्या. तो विक्रम अजून कायम आहे. रॅपामायसिन या औषधानं उंदरांचं आयुष्य वाढतं हे 2009 मध्ये दिसलं, माणसांत तसं सिद्ध झालेलं नाही.

‘मृत्यू आहे म्हणूनच जगण्याला अर्थ आहे’ हे मला अजिबात पटत नाही. कूस बदलायलाही ज्याला दुसऱ्याचा हात लागतो, त्याला हे कोणत्या तोंडानं सांगायचं? म्हातारपणातले आजार लांबवता आले तर जरूर लांबवावेत.

खरी भीती अन्यायाची वाटते. असं औषध मोजक्यांनाच परवडलं, तर सत्ता आणि संपत्ती शतकभर त्याच हातांत राहील. हुकूमशहासुद्धा शंभर वर्षं खुर्ची सोडणार नाहीत. आजच अतिश्रीमंत आणि अतिगरीब देशांच्या सरासरी आयुर्मानात वीस वर्षांहून जास्त अंतर आहे. पैसा आधी तिथे लागावा, असं मला मनापासून वाटतं.