टर्की मीटलोफ: कोरडा का होतो आणि रिपोर्ट का हलत नाही

तुमचा प्रश्न वाचला आणि मला माझंच आठ वर्षांपूर्वीचं स्वयंपाकघर दिसलं. तुम्ही लिहिलंय: नवऱ्याचं एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) वाढलं म्हणून बीफ बंद केलं, टर्कीच्या खिम्याचा मीटलोफ (पावासारख्या आकारात ओव्हनमध्ये भाजलेला खिमा) सुरू केला, सहा महिन्यांनी रिपोर्ट जिथल्या तिथे, आणि लोफ इतका कोरडा की मुलं प्रत्येक घासाला पाणी पितात. माझ्याकडेही सगळं तसंच घडलं होतं. फक्त आमच्याकडे एलडीएलही माझं होतं आणि ओव्हनही माझ्याच ताब्यात होता, त्यामुळे दोष द्यायला घरात दुसरं कोणी नव्हतं.

कांदा किती बारीक, ओव्हन आधी तापवा, हे सांगत बसत नाही. तुमच्या पोस्टवरून तुम्हाला ते येतंय. तुम्ही एकच गोष्ट लिहिलेली नाही: टर्कीच्या पाकिटावर बिनचरबीच्या मांसाच्या टक्क्यांचा आकडा कोणता आहे? ८५, ९३ की ९९? की आकडा नाहीच, नुसतं 'ग्राउंड टर्की'?

माझं वर्ष तिथे वाया गेलं. डॉक्टरांनी मला आमच्या विम्यात बसणाऱ्या एका दवाखान्याच्या आहार सल्ला विभागाकडे पाठवलं. फोनवर वीस मिनिटं. बाईंनी विचारलं, आठवड्यातून लाल मांस किती वेळा? मी सांगितलं. त्या म्हणाल्या, त्याऐवजी टर्की घ्या. कुठली टर्की, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मी अमेरिकेत, मिनेसोटात राहतो. टर्कीच्या पैदाशीत आमच्या राज्याचा नंबर बहुतेक वर्षी देशात पहिला असतो, दुकानात टर्कीची अख्खी भिंत असते. त्या भिंतीतलं सगळ्यात स्वस्त पाकीट मी उचललं आणि वर्षभर तेच उचलत राहिलो. टर्की म्हणजे हलकं, असं डोक्यात पक्कं बसलं होतं.

ते ८५ वालं निघालं. म्हणजे १५ टक्के चरबी. नुसतं 'टर्की' लिहिलेल्या खिम्यात मांडीचं मांस, कातडी आणि कातडीखालची चरबी येऊ शकते. त्यात काही फसवणूक नाही, सगळं मागे छापलेलं असतं, फक्त वाचावं लागतं. चार औंस, म्हणजे साधारण ११२ ग्रॅम कच्च्या खिम्यात ८५ वाल्यात १७ ग्रॅम चरबी, ९३ वाल्यात ८, आणि ९९ वाल्यात, जो नुसत्या छातीचा असतो, दीड-दोन. मी जे बीफ सोडलं होतं ते ९० वालं होतं, म्हणजे ११ ग्रॅम. थोडक्यात, तब्येतीसाठी म्हणून मी जास्त चरबीचा खिमा घरी आणत होतो आणि वर स्वतःची पाठ थोपटत होतो. दोन पौंडांच्या लोफात ८५ आणि ९३ मध्ये सत्तरेक ग्रॅम चरबीचा फरक पडतो. पाच मोठे चमचे तेल वाटीत ओतून बघा, मग कळेल. त्यातलं थोडं ट्रेमध्ये उतरतं, मान्य, पण सगळं नाही. आणि तुमचा प्रश्न एलडीएलचा आहे, तर एकूण चरबीच्या खालची सॅच्युरेटेड फॅटची (एलडीएल वाढवणाऱ्या चरबीची) ओळ आधी वाचा.

(मी डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञ तर मुळीच नाही. नवऱ्याला गोळ्या चालू असतील किंवा किडनीचं काही असेल तर त्यांच्या डॉक्टरांचं ऐका, माझं नको. शिवाय एलडीएल एका मीटलोफमुळे चढत नाही आणि उतरतही नाही. माझ्या बाबतीत चीज आणि ऑफिसमधले डोनट यांचाही वाटा होता, तो मी तेव्हा कोणाला सांगत नव्हतो.)

वर्षाने रिपोर्ट तसाच आला तेव्हा त्याच विभागाला पुन्हा फोन केला. तीन वेळा. तिन्ही वेळा ईमेलने तोच कागद आला: अंड्याचा पिवळा बलक नको, तेल नको, सर्वांत कमी चरबीचं मांस निवडा, 'योग्य प्रमाणात' खा. योग्य प्रमाण म्हणजे किती, तर उत्तर नाही. महिन्याभराने १४० डॉलरचं बिल मात्र आलं, कारण दुसरा फोन त्यांनी 'नवीन भेट' म्हणून नोंदवला होता. विमा कंपनी म्हणे दवाखान्याशी बोला, दवाखाना म्हणे विम्याशी बोला. शेवटी भरले. कागद अजून आहे, फ्रिजवर लावला होता, त्यावर केचपचा डाग आहे. असो.

त्या कागदावर विश्वास ठेवून मी दुसऱ्या टोकाला गेलो आणि तुमचा कोरडा लोफ कदाचित त्याच टोकाचा असावा. ९९ वाली टर्की, नुसते अंड्याचे पांढरे, कोरडे ओट्स, तेलाचा थेंब नाही. वर आपली सवय: खिमा आणला की चाळणीत धुवायचा. मटणाचा खिमा आई धुवायची म्हणून मी टर्कीचाही धुतला. कृपया हे करू नका. तो पाणी धरून बसतो, लोफ बांधत नाही, आणि कोंबडी-टर्की धुताना उडणारे शिंतोडे सिंकभर जंतू पसरवतात. इथलं कृषी खातंही धुऊ नका असंच सांगतं.

तर तो लोफ एक तास भाजला. कापला, आत किंचित गुलाबी. घाबरून आणखी वीस मिनिटं आत ठेवला. बाहेर काढला तर कडा आत ओढल्या गेलेल्या, वरून भेग पडलेली, ट्रेमध्ये पांढरट पाण्याचं तळं. सुरी लावली की काप पडायच्या ऐवजी भुगा पडायचा. मुलगा तेव्हा दहा वर्षांचा होता. त्याने काट्याने एक तुकडा दाबला, तो परत उसळला, आणि तो शांतपणे म्हणाला, "बाबा, हा स्पंज आहे." बायको काही बोलली नाही, तिने डब्यातून लसणाची चटणी आणून माझ्यापुढे ठेवली.

गुलाबी रंगाला घाबरायचं नाही, हे मला फार उशिरा कळलं. टर्की पूर्ण शिजली तरी कधीकधी गुलाबी राहते, आणि कधी कच्ची असतानाच पांढरी दिसते. रंगावरून काही ठरत नाही. थर्मामीटर घ्या, पंधरा-वीस डॉलरचा, टोक असलेला, आकडा लगेच दाखवणारा. टोक बाजूने, लोफच्या बरोबर मध्यात खुपसा, तळाला टेकू देऊ नका. टर्कीच्या खिम्याला १६५ फॅरनहाइट, म्हणजे ७४ सेल्सियस. बीफच्या खिम्याला १६० चालतं, टर्कीला नाही. मी ४५ मिनिटांनी पहिल्यांदा बघतो. १५० च्या आसपास असेल तर दर पाच-सात मिनिटांनी. १६५ दिसलं की बाहेर, त्यापुढे एक मिनिटही नाही. मग दहा मिनिटं हात लावायचा नाही, वास कितीही येऊ दे. ही दहा मिनिटं आमच्या घरात कोणी पाळत नाही, म्हणून मी लोफ झाकून वर मायक्रोवेव्हवर ठेवतो.

आता माझं मत, पटलं तर घ्या: ९३ वाली घ्या. ९९ वाल्याचा चांगला लोफ करता येतच नाही असं नाही, पण त्यात इतकी भर घालावी लागते की वाचवलेली चरबी दुसऱ्या दाराने परत येते. आणि लोकांनी खाल्लं नाही तर त्या रात्री पिझ्झा मागवला जातो. आमच्याकडे चार वेळा मागवला गेला.

दोन पौंडांना मी आठ औंस मश्रूम घालतो. अगदी बारीक चिरून, एक मोठा चमचा तेलात कांद्यासोबत, पाणी पूर्ण आटेपर्यंत. मश्रूम ओलावा धरतात आणि चव खोल करतात, मुलांना कळतही नाही. पण ते थंड होऊ द्या, गरम मिश्रण खिम्यात टाकू नका. पाऊण कप ओट्स अर्धा कप दुधात दहा मिनिटं भिजवायचे. कोरडे घातले की ते टर्कीतलंच पाणी पितात. माझा पहिला लोफ तिथेही मेला होता. अंडं एक, बलकासकट. त्या एका बलकाची भीती आठ कापांत वाटून घ्या. भाजणीही घालून पाहिली, थालीपिठाची. वास सुंदर आला, लोफ मात्र जड झाला. पुन्हा केला नाही.

मिसळताना हात हलका. भाकरीचं पीठ मळता तसं मळलं की सॉसेजसारखा रबरी होतो. कोथिंबीर वडीचा उंडा कसा जेमतेम एकत्र आणतो, तेवढंच. मीठ कच्च्यात चाखू नका, तव्यावर टिकलीएवढा तुकडा भाजून चाखा.

मिठाचं मात्र जपा, कारण एलडीएलच्या नादात लोक रक्तदाब विसरतात. एक छोटा चमचा मिठात साधारण २३०० मिलिग्रॅम सोडियम असतं, आणि इथे मोठ्या माणसाला दिवसाची मर्यादाही तेवढीच सांगतात. तो चमचा आठ कापांत गेला तर प्रत्येकी तीनशेच्या आत, ठीक आहे. पण त्यात कांद्याच्या सूपची पुडी टाकली, वूस्टरशर सॉस ओतला आणि वर केचप, मग हिशेब सोडा. पुडी मी पूर्ण बंद केली. केचपच्या एका मोठ्या चमच्यात सुमारे चार ग्रॅम साखर असते. नेहमीच्या कृतीत अर्धा कप केचप आणि वर ब्राउन शुगर, म्हणजे मीटलोफ की मिठाई? मी तीन चमचे टोमॅटो पेस्ट (बिनमिठाची), एक चमचा केचप, थोडं व्हिनेगर, सुपारीएवढा गूळ आणि चिमूटभर लाल तिखट फेटून शेवटच्या पंधरा मिनिटांत लावतो. अमेरिकन शेजारी खाऊन विचारतात काय घातलंय. गूळ सांगितला की फोनवर शोधायला लागतात.

घाईच्या दिवशी मफिनच्या ट्रेमध्ये करा. साधारण २५ मिनिटांत होतात (तरी थर्मामीटर लावाच), आणि एकाला एक किंवा दोन, 'योग्य प्रमाण' आपोआप ठरतं. त्या विभागाला हे एक वाक्य सांगता आलं असतं. उरलेला फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकतो. दुसऱ्या दिवशी काप तव्यावर दोन्ही बाजूंनी परतून चपातीत गुंडाळा, चटणी लावून. आमच्याकडे मुलगा पहिल्या दिवसापेक्षा दुसऱ्या दिवशीचाच जास्त खातो.

ओव्हनचं ३५० फॅरनहाइट खरंच ३५० आहे का, तेही बघा. माझा २५ अंशांनी जास्त तापायचा, हे सात डॉलरच्या ओव्हन थर्मामीटरने सांगितलं, घरमालकाने नाही. पाकिटावरचा आकडा, ओव्हनचं तापमान आणि किती वेळ भाजता, एवढं लिहा. फोटो टाकू नका, फोटोत सगळे मीटलोफ विटेसारखेच दिसतात.