मांजर जेवत नाही, थांबू का?

प्रश्न : नमस्कार ताई, आमचा गोट्या पाच वर्षांचा बोका आहे, साडेपाच किलोचा, चांगला गुबगुबीत. गेल्या आठवड्यात शिंका सुरू झाल्या, नाकाडोळ्यातनं पाणी, ताप. डॉक्टर म्हणाले कॅट फ्लू आहे, इंजेक्शन आणि गोळ्या दिल्या, ताप उतरला. पण आज तिसरा दिवस, काही खात नाहीये. वाटीपाशी येतो, हुंगतो आणि तोंड फिरवून निघून जातो. गोळी चिकनमध्ये कुस्करून घातली तर तेव्हापासून चिकनही नको झालंय त्याला. सासूबाई म्हणतात मुकं जनावर लंघन करूनच बरं होतं, भूक लागली की खाईल. थांबू का? आणि परत ताप आला तर आपली पॅरासिटामॉल अर्धी दिली तर चालेल का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, आधी शेवटचं सांगते. पॅरासिटामॉल अजिबात देऊ नका, अर्धी नाही, पाव नाही, लहान मुलांचं सिरपसुद्धा नाही. मांजराच्या लिव्हरला ते पचवता येत नाही, रक्तातल्या लाल पेशी खराब होतात आणि एवढ्याशा गोळीने मांजर जाऊ शकतं.

आणि थांबूही नका. कुत्रं एकदोन दिवस उपाशी राहिलं तर बहुतेक वेळा निभावून जातं पण मांजराचं तसं नाही. पोटात काही गेलं नाही की अंगातली चरबी भराभर लिव्हरकडे जाते, लिव्हरला ती झेपत नाही, तिथेच साठत जाते आणि मग लिव्हरच बंद पडायला लागतं. गोट्यासारख्या गुबगुबीत मांजरांना हा धोका जास्त. माझ्याकडे एक मनी होती, मी पण "खाईल उद्या" करत चार दिवस काढले, पाचव्या दिवशी कानाच्या आतली कातडी पिवळी दिसली तेव्हा पळापळ. मानेतून नळी घालून पाच आठवडे पातळ खाणं भरवलं, दिवसातून पाच वेळा, रात्री अलार्म लावून. वाचली ती. पण ते चार दिवस मी वाया घालवले याचं मला आजही वाईट वाटतं, म्हणून तुम्हाला एवढ्या कळकळीने सांगतेय.

तेव्हा आजच परत डॉक्टरांकडे न्या आणि स्पष्ट सांगा की तीन दिवस पोटात काही नाही. तोंड उघडून बघायला सांगा, कॅट फ्लूमध्ये जिभेवर फोड येतात आणि दुखतं म्हणून पण खात नाहीत. मळमळीचं औषध लागेल का, सलाईन लागेल का, भूक लागायचं औषध देता येईल का हे विचारा. मिर्टाझापिन नावाचं एक आहे, पण डोस डॉक्टरांनीच ठरवायचा.

आता घरी काय करायचं. तो हुंगून निघून जातो ना, कारण त्याला वासच येत नाहीये. मांजर चवीपेक्षा वासावर जेवतं, नाक चोंदलं की समोरचं खाणं त्याच्या लेखी खाणंच नाही. कोमट पाण्यात कापूस भिजवून नाक हळूच पुसा, वाळलेला शेंबूड ओढून काढू नका, आधी भिजू द्या. बाथरूममध्ये गरम पाणी सोडून वाफ करा आणि दार लावून दहा मिनिटं त्याला घेऊन बसा, दिवसातून दोनतीनदा. त्या वाफेत बाम, कापूर, निलगिरी तेल काही टाकायचं नाही, मांजरांना ते विषारी असतं.

मग खाणं. फ्रीजमधलं थंड देऊ नका, वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करा, बाळाचं दूध मनगटावर बघतो ना तेवढं. उकडलेला बांगडा काटे काढून, किंवा चिकन आणि त्याचं पाणी, पण मीठ, हळद, कांदा, लसूण काही नको, कांदा-लसूण तर त्यांना बाधतोच. नाहीतर वेट फूडचं पाऊच. खोल वाटीऐवजी पसरट बशी घ्या आणि जागा बदला, कारण जुन्या जागेची आता त्याच्या डोक्यात कडू गोळीशी गाठ बसलीय. म्हणूनच औषध परत खाण्यात घालायचं नाही, ते वेगळं द्यायचं. एक चमचाच वाढा, बोटाने थोडं त्याच्या ओठाला लावा, पंधरा मिनिटांत नाही खाल्लं तर उचला आणि दोन तासांनी ताजं द्या. तिथेच बसून "खा रे खा रे" करत राहू नका, त्याला शांतता हवी असते.

सिरिंजने भरवायला डॉक्टरांनी सांगितलं तरच, आणि त्यांच्यासमोर एकदा शिकून घ्या. सुई नसलेली सिरिंज, गालाच्या बाजूने, एका वेळी अर्धा-एक मिली, डोकं वर करायचं नाही नाहीतर फुप्फुसात जातं. तो धडपडायला लागला की थांबा. खायला लागला की एकदम पोटभर देऊ नका, दोनतीन दिवसांत वाढवत न्या. रोज त्याला घेऊन काट्यावर उभ्या राहा, मग तुमचं एकटीचं वजन वजा करा, म्हणजे कळतं.

सुस्त पडला, उलट्या झाल्या, हिरड्या पिवळ्या दिसल्या किंवा तोंड उघडं टाकून श्वास घ्यायला लागला तर रात्र असली तरी निघा. आणि सासूबाईंना वाफेच्या वेळी घेऊन बसायला सांगा ना, मांडीवर ओळखीचं माणूस असलं की तो पळायचा नाही.

प्रश्न : आमच्या तेरा वर्षांच्या मांजरीला किडनीचा त्रास आहे, डॉक्टरांनी दिलेलं किडनीचं खाणं ती बघतही नाही. जुनं खाणं दिलं तर पाप लागेल का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : नाही हो. उपाशी राहण्यापेक्षा जुनं खाल्लेलं केव्हाही बरं. आत्ता तिचं आवडीचंच द्या, डॉक्टरांना तसं कळवा, आणि ती नीट जेवायला लागली की नवीन खाणं चिमूटचिमूट मिसळत तीनचार आठवड्यांत बदला. दुसरा फ्लेवर, नाहीतर पातळ प्रकार पण मागून बघा. पाणी मात्र घरात तीनचार ठिकाणी ठेवा.