फिलिपिनो लोकांना रिॲलिटी शोचं एवढं वेड का? आणि स्वतःच्या देशात बनलेल्या वस्तू ते वापरतात का, की सगळं अमेरिकनच?

माझं सासर मारिकिनाचं. मेट्रो मनिलाच्या पूर्वेला, नदीकाठचं हे शहर बुटांसाठी प्रसिद्ध आहे. मी मूळची कोल्हापूरची, म्हणजे एका चपलेच्या गावातून उठून दुसऱ्यात येऊन पडले. नवरा फिलिपिनो, आणि सासूबाई (मी त्यांना इथल्या रीतीने ‘नानाय’ म्हणते) पक्क्या टीव्हीवाल्या. त्यामुळे दोन्ही प्रश्नांची उत्तरं घरातच आहेत.

आधी शोबद्दल. ‘पिनोय बिग ब्रदर’ इथे २००५ मध्ये सुरू झाला. साचा मूळचा डच. पण घरात कोंडलेल्या स्पर्धकांना हुकूम सोडणाऱ्या त्या न दिसणाऱ्या आवाजाला इथल्या लोकांनी ‘कुया’ करून टाकलं. कुया म्हणजे थोरला भाऊ, आपला दादा. आणि हे काही शोपुरतं नाव नाही. रिक्षावाला, वॉचमन, भाजीवाला, सगळे कुयाच. स्पर्धक त्या आवाजाला ‘ओपो, कुया’ म्हणजे ‘हो, दादा’ असं उत्तर देतात. त्यातला ‘पो’ आदराचा, आपल्या ‘अहो’सारखा. गंमत बघा, हाच शो आपल्याकडे आला तेव्हा आपण त्यातला भाऊ काढला आणि त्याच्या जागी बॉस बसवला. यावर मी नवऱ्याशी तासभर भांडू शकते, पण ते राहू दे.

कुयाच्या घरात कटकारस्थानं होतात, भांडणं होतात. पण नानाय त्यासाठी बसत नाहीत. त्या थांबलेल्या असतात एखादं पोर कन्फेशन रूममध्ये जाऊन आईबद्दल बोलायला लागेल त्या क्षणासाठी. इथे जवळपास प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी दुबईत, हाँगकाँगमध्ये नाहीतर एखाद्या जहाजावर आहे. माझी मोठी नणंद दुबईत. तिची मुलं नानायनीच वाढवली. त्यामुळे टीव्हीवर कुणाला घरून पत्र आलं की आमच्या सोफ्यावर रुमाल निघतो. वेड कशाचं विचाराल, तर माझ्या मते ह्याचं. शिवाय साध्या घरातलं पोर एका रात्रीत कुठल्या कुठे जातं, ही आशाही आहेच. सेबूहून आलेली किम चिऊ २००६ मध्ये पहिली टीन एडिशन जिंकली आणि आज इथली मोठी स्टार आहे.

५ मे २०२० ला हा शो दाखवणाऱ्या एबीएस-सीबीएन वाहिनीचं प्रक्षेपण परवान्याच्या प्रश्नावरून बंद झालं. लॉकडाऊनचे दिवस, आणि नानायच्या टीव्हीवर दोन नंबरला काहीच नाही. घरातलं माणूस गेल्यासारख्या त्या बसून होत्या. पुढे २०२५ मध्ये तोच शो जन्माची प्रतिस्पर्धी असलेल्या जीएमए वाहिनीबरोबर मिळून निघाला. एकीचे प्रेक्षक स्वतःला ‘कापामिल्या’ म्हणजे घरातले म्हणवतात, दुसरीचे ‘कापुसो’, म्हणजे एका हृदयाचे. शेजारच्या तिता (म्हणजे मावशी) कट्टर कापुसो. त्या वर्षी पहिल्यांदाच नानाय आणि त्या एका सोफ्यावर बसून एकच कार्यक्रम बघताना दिसल्या. आवडते स्पर्धक मात्र वेगळे.

आता वस्तूंचं. खरं सांगू? बोलतात खूप, घेतात कमी. ‘आपलं ते वापरा’ ही घोषणा इथल्या प्रत्येकाला शाळेपासून पाठ असते. राष्ट्राध्यक्ष कार्लोस गार्सिया यांनी १९५८ मध्ये ‘आधी फिलिपिनो’ असं सरकारी धोरणच आणलं होतं. पण त्याच भाषेत ‘स्टेटसाइड’ असाही शब्द आहे. अर्थ अमेरिकेतला माल, आणि ध्वनी असा की चांगलाच असणार. परदेशातली माणसं घरी मोठाले खोके पाठवतात, त्याला बालिकबायान बॉक्स म्हणतात. त्यात साबण, चॉकलेटं, डबाबंद मांस आणि बूट. आमच्या नणंदेचा खोका येतो तेव्हा त्यात तितोसाठी हमखास स्पोर्ट्स शूज असतात. तितो म्हणजे नानायचे धाकटे भाऊ. व्यवसाय: बूट बनवणे!

मी पहिल्यांदा हे बघून हसले होते. तितो हसले नाहीत. नव्वदच्या दशकात आयात मोकळी झाली, स्वस्त चिनी बूट आले आणि त्यांच्या गल्लीतले कारखाने एकेक करून बंद पडले. त्यांच्या हातचा कातडी बूट दहा वर्षं टिकतो, पण दिवीसोरियाच्या बाजारात तसाच दिसणारा जोड निम्म्याहून कमी पैशात मिळतो. महिन्याचा पगार पंधरा दिवसांत संपणाऱ्या माणसाला तुम्ही देशप्रेम काय शिकवणार? नानायही शॅम्पू पुडीतलाच आणतात, आणि तो परदेशी कंपनीचा असतो.

ज्याला घोषणा लागत नाही ते मात्र सर्रास वापरतात. बातांगासची कडक बाराको कॉफी, कोकोच्या वड्यांचं ‘ताब्लेया’ चॉकलेट, बागियोचे झाडू. आणि लग्नात बारोंग, म्हणजे पुरुषांचा झिरझिरीत, भरतकाम केलेला सदरा. माझ्या नवऱ्याचा बारोंग अननसाच्या पानांच्या धाग्याचा होता, कापड आक्लानचं, भरतकाम लुंबानचं. आक्लानमधल्या कालिबोच्या ह्या विणकामाला २०२३ मध्ये युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली. आमच्या कोल्हापूरच्या मावशींनी फोटो बघून एवढंच विचारलं, “अगं, जावईबापूंचं बनियन दिसतंय की!”

मारिकिनात असं सांगतात की १८८७ मध्ये कापितान मॉय नावाच्या गृहस्थाने आपले परदेशी बूट उसवले, आत काय आहे ते बघितलं आणि इथला धंदा सुरू झाला. मला ती दंतकथा वाटायची. मग मागच्या खेपेला मी तितोंसाठी कोल्हापुरी आणली. वाटलं, घालतील. दुसऱ्या दिवशी गेले तर डाव्या पायाची चप्पल रापीने मोकळी करून बाकावर मांडलेली, आणि तितो चष्मा लावून खिळे शोधतायत. खिळे नसतात, चामड्याच्या वादीनेच शिवतात, असं सांगितलं तर त्यांनी नुसतं ‘आऽऽ’ केलं. उजवी अजून शाबूत आहे. ती समोर ठेवून डावी परत शिवायचं चाललंय.