तवे मोजू नका, तव्यावरचा भार मोजा

वाचकांचे प्रश्न : शेती अवजारे

ऊसतोडणी संपत आली की सातारा-सांगलीकडून डिस्क हॅरोबद्दल, म्हणजे मातीत फिरत जाणाऱ्या गोल पोलादी तव्यांच्या आपल्या कुळवाबद्दल, पत्रं वाढतात. या वेळी त्यातले चार प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : माझा ट्रॅक्टर ४५ एचपीचा, टू-व्हील ड्राइव्ह. जमीन नदीकाठची काळी, भारी. खोडवा निघाल्यावर बुडखे आणि पाचट एकाच पाळीत कापलं जावं म्हणून १६ तव्यांचा, २६ इंची, चाकांवर ओढायचा जुना हॅरो बघितलाय. वजन १,४०० किलो. विकणारा म्हणतो, ४५ एचपी आरामात ओढेल. घेऊ का?
— वाळवा तालुका

उत्तर : घेऊ नका. तुमच्या ट्रॅक्टरचं इंजिन कमी पडेल, पण त्याच्याही आधी त्याची मागची चाकं कमी पडतील.

हॅरो घेताना सगळे तव्यांची संख्या विचारतात. विचारायला हवं ते एका तव्यावर येणारं वजन. एकूण वजनाला तव्यांच्या संख्येनं भागा. ट्रॅक्टरच्या लिफ्टवर उचलायचा साधा हॅरो तव्यामागे ३० ते ४० किलो भरतो. तुमचा भरतोय १,४०० भागिले १६, म्हणजे ८७ किलो. दोन्ही अवजारांना ‘हॅरो’च म्हणतात, पण ट्रॅक्टरच्या दृष्टीनं ती वेगळी अवजारं आहेत.

आता ओढ किती लागेल ते पाहू. ऑफसेट हॅरोला, म्हणजे तव्यांच्या दोन रांगा (गँग) एकामागे एक असलेल्या हॅरोला, काळ्या भारी जमिनीत त्याच्या वजनाच्या साधारण सव्वा ते दीडपट ओढ लागते, हलक्या रेताड जमिनीत पाऊणपटीच्या आसपास. पोयट्याची जमीन या दोन्हींच्या मधे. आपण सव्वापटच धरू. १,४०० किलोच्या हॅरोला १,७५० किलो ओढ. ओढ (किलोत) गुणिले वेग (तासाला किलोमीटर) भागिले २७० केलं की ड्रॉबारवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या हुकावर, लागणारी एचपी निघते. वेग ५ धरला तर १,७५० × ५ ÷ २७० म्हणजे ३२ एचपी. ही एचपी हुकावर मिळायला हवी. बॉनेटवर लिहिलेली एचपी इंजिनाची असते. गिअरबॉक्स, मागचा अ‍ॅक्सल आणि मऊ मातीत घसरणारं चाक यांतून जाताना तिच्यातली जेमतेम निम्मी हुकापर्यंत पोचते. म्हणजे ६४ एचपीचं इंजिन झालं, आणि ते सतत पूर्ण जोरावर चालणार. थोडी शिल्लक ठेवायची तर ७० ते ७५.

पण एचपी असून भागत नाही. मातीला पकडून ओढायचं काम टायर करतो, आणि टायर त्याच्यावर जेवढं वजन आहे त्याच प्रमाणात पकडतो. नांगरलेल्या किंवा मोकळ्या शेतात मागच्या चाकांवरच्या वजनाच्या ४० ते ४५ टक्के एवढीच ओढ बेताच्या घसरणीत मिळते. ४५ एचपीचा टू-व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टर दोन टनांच्या आसपास असतो. चाकात पाणी भरलं, वजनं लावली, ओढताना मागे येणारा भारही मोजला तरी मागच्या चाकांवर १,६०० ते १,७०० किलोच येतात. त्याच्या ४५ टक्के म्हणजे साडेसातशे किलो. तुम्हाला लागणार १,७५०. हा फरक कुठला गिअर टाकून भरून निघत नाही.

तरीही ओढायचाच म्हटलं तर काय होतं? चाकं जागेवर फिरून शेतात खळी पाडतात. टायरचे गट्टू एका हंगामात झिजतात. ड्रायव्हर नकळत अर्ध्या क्लचवर चालवू लागतो आणि क्लचप्लेट जळते. मग हॅरो ओढला जावा म्हणून गँगचा कोन कमी केला जातो. तवे मातीवरून नुसते गोल फिरत जातात, बुडखे जागेवर आणि डिझेल संपलेलं.

तुमच्या ट्रॅक्टरला बसेल तो १४ तव्यांचा, २२ किंवा २४ इंची, लिफ्टवर उचलायचा, ४५० ते ५५० किलोचा हॅरो. त्याला काळ्या रानात ६५० ते ७०० किलो ओढ लागेल. ताशी ६ किलोमीटरनं हुकावर १५ एचपी, इंजिनाला ३० ते ३२. शिल्लक भरपूर आहे, चाकांची पकडही पुरते. पुढच्या गँगला खाचांचे तवे आणि मागच्या गँगला सपाट कडेचे घ्या. खाच पाचट पकडून ओढून घेते आणि कापते, सपाट कडेचा तवा त्याच्यावरून घसरतो.

एका पाळीत काम व्हावं, ही अपेक्षा मात्र सोडा. पाचट आधी मल्चरनं बारीक करून घ्या. वरचं पाचट वाळलेलं आणि खालची जमीन घट्ट असेल तेव्हाच तवा ते कापतो. जमीन मऊ असली की न कापता आत दाबतो, आणि पुढच्या सरीत त्याचे गोळे वर येतात. मग दोन पाळ्या मारा, दुसरी पहिलीला तिरकी.

घसरण स्वतः मोजता येते. मागच्या टायरवर चुन्याची रेघ ओढा. हॅरो उचलून त्याच शेतात चाकाच्या १० फेऱ्यांत किती अंतर जातं ते टेपनं मोजा. समजा ४० मीटर भरलं. मग हॅरो पूर्ण लावून पुन्हा १० फेऱ्या. ३४ मीटर भरलं तर घसरण १५ टक्के, टू-व्हील ड्राइव्हला ही शेवटची मर्यादा. ३० मीटर भरलं तर २५ टक्के, म्हणजे दर चार लिटरमागे एक लिटर डिझेल चाक जागेवर फिरवण्यात गेलं. चाकात पाणी भरताना व्हॉल्व्ह सगळ्यात वर ठेवा. तिथून पाणी बाहेर येऊ लागलं की टायर तीन-चतुर्थांश भरला, त्याच्यावर भरू नका.

मोठाच हॅरो हवा असेल आणि त्यासाठी ट्रॅक्टर बदलणार असाल, तर फोर-व्हील ड्राइव्ह, ७० ते ७५ एचपीचा आणि वजनं धरून चार टनांच्या आसपासचा बघा. त्याची चारही चाकं ओढतात म्हणून सगळं वजन उपयोगी पडतं. १ जानेवारी २०२३ पासून ५० एचपीवरच्या ट्रॅक्टरना ट्रेम-४ प्रदूषण नियम लागू आहेत, तेव्हा त्या गटातल्या इंजिनाची किंमत आणि दुरुस्ती दोन्हींचा हिशोब धरा. खरेदीआधी मध्य प्रदेशातल्या बुदनी इथल्या केंद्रीय ट्रॅक्टर चाचणी संस्थेचा त्या मॉडेलचा अहवाल मागा. त्यात पीटीओवरची (अवजार फिरवणाऱ्या मागच्या दांड्यावरची) खरी एचपी आणि ड्रॉबारची ओढ दिलेली असते. ती ओढ पक्क्या ट्रॅकवर मोजलेली असते, शेतात तेवढी मिळत नाही. दोन मॉडेलांची तुलना मात्र तिच्यावरून नीट होते.

प्रश्न : ५० एचपी ट्रॅक्टरला १४ तव्यांचा हॅरो लावलाय. बांधावर वळताना लिफ्ट उचलली की ट्रॅक्टर तोंड उचलतो. शिवाय तास सरळ जात नाही, स्टिअरिंग सारखं एका बाजूला धरून ठेवावं लागतं.
— कराड तालुका

उत्तर : पहिली गोष्ट धोक्याची आहे, तिचा बंदोबस्त आधी करा. माहितीपत्रकात लिफ्टची क्षमता १,६०० किलो म्हटलेली असते ती लिंकच्या टोकाशी मोजलेली. हॅरोचं वजन त्या टोकाच्या बरंच मागे लोंबतं, म्हणून ५०० किलोचा हॅरोही पुढची चाकं हलकी करतो. जवळच्या वजनकाट्यावर जा. आधी नुसत्या ट्रॅक्टरचं वजन घ्या. मग हॅरो लावून, पूर्ण उचलून, फक्त पुढची चाकं काट्यावर चढवा. ट्रॅक्टरच्या वजनाच्या किमान २० टक्के भार तिथे दिसला पाहिजे. ट्रॅक्टर २,२०० किलोचा असेल तर ४४० किलो. कमी भरला तर पुढच्या बंपरवर वजनं वाढवा आणि पुन्हा काट्यावर घ्या. वजनं लावेपर्यंत उताराच्या रानात आणि कॅनॉलच्या कडेनं हॅरो उचलून नेऊ नका.

एका बाजूला ओढण्याचं कारण ऑफसेट हॅरोच्या रचनेतच आहे. पुढची गँग माती एका बाजूला फेकते, मागची उलट बाजूला. दोघींचा रेटा सारखा असला की ट्रॅक्टर सरळ जातो. पुढची घट्ट जमीन कापते, मागची मोकळ्या झालेल्या मातीत चालते, म्हणून मागच्या गँगचा कोन पुढचीपेक्षा दोन-तीन अंशांनी जास्त ठेवतात.

दुरुस्तीचा क्रम चुकवू नका. आधी तव्यांचे व्यास मोजा. कुणी एकाच गँगचे तवे नवीन टाकले असतील तर कोन कितीही बदलला तरी तोल येणार नाही. मग हॅरो सपाट जमिनीवर टेकवून टॉपलिंक, म्हणजे हॅरोला वरून धरणारा लांबी बदलता येणारा दांडा, बघा. पुढची गँग जास्त खोल जात असेल तर टॉपलिंक लांब करा, मागची खोल जाऊन मागे वरंबा सोडत असेल तर आखूड करा. त्यानंतर कोन, तोही एका वेळी एकच भोक, आणि प्रत्येक बदलानंतर ५० मीटर चालवून बघा. टॉपलिंक न बघता कोनाशी खेळणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे.

कामात असताना हॅरो लिफ्टवर अर्धवट धरून ठेवू नका. त्याचं सगळं वजन तव्यांवर जाऊ द्या. आणि वळताना तवे पूर्ण उचलल्याशिवाय स्टिअरिंग फिरवू नका, गँगचा धुरा वाकतो तो तिथेच.

प्रश्न : जतकडची उथळ, मुरमाड, दगड असलेली जमीन. किती एचपी, किती तवे?
— जत तालुका

उत्तर : ३५ ते ४० एचपी आणि १२ तवे, २० किंवा २२ इंची, पुरे. खोली ८ ते १० सेंटिमीटरच धरा, खाली मुरूमच आहे. दगडाच्या रानात रोटाव्हेटरची पाती मोडतात, तवा दगडावरून चढून पलीकडे जातो, म्हणून तुमच्याकडे हॅरो जास्त योग्य. वेग ताशी ५ किलोमीटरच्या आत ठेवा. जोरात गेलं तर तव्याची कड मोडते. मोठे धोंडे आधी वेचून घ्या.

प्रश्न : आमच्या हॅरोचे तवे मधल्या चौकोनी भोकापासून चिरतात आणि बेअरिंग हंगामात दोनदा जातं. दुकानदार म्हणतो जमीनच भारी आहे. हॅरो बदलावा का? आणि जमीन खाली दगडासारखी घट्ट झालीय.
— मिरज तालुका

उत्तर : हॅरो बदलू नका, आधी धुऱ्याचं नट बघा. तवे चौकोनी धुऱ्यावर ओवलेले असतात, मधे अंतर राखणारे स्पूल असतात आणि टोकाचं नट सगळ्यांना एकत्र आवळून धरतं. नट सैल झालं की तवा धुऱ्यावर हलतो, चौकोन गोल होऊ लागतो आणि कोपऱ्यातून चीर निघते. खाली वाकून स्पूल आणि तवा जिथे टेकतात ती फट नीट बघा. तिथे लालसर, मेंदीसारखी बारीक पूड दिसली तर गँग सैल आहे. ती पूड म्हणजे लोखंडावर लोखंड घासून निघालेला गंज. बेअरिंगही त्याच हलण्यानं जातं.

नवीन हॅरो किंवा नवे तवे टाकल्यावर पहिल्या ८-१० तासांनी नट पुन्हा आवळा, कारण रंग आणि खरवड दबून जागा होते. नंतर आठवड्यातून एकदा. लांब पाना आणि त्यावर पाइप लावून दोन माणसांचा जोर लागतो, एकट्यानं आवळलं तर पुरत नाही. आवळताना तव्यावर हातोड्यानं हलका ठोका द्या : घट्ट गँगचा आवाज भरीव येतो, सैल तवा खडखडतो. ग्रीस रोज, काम संपल्यावर मारा, बेअरिंग गरम असताना. त्यानं दिवसभरात शिरू पाहणारा चिखल बाहेर ढकलला जातो. २४ इंची तवा झिजून २० इंचांवर आला की बदला आणि त्या गँगचे सगळे एकदम बदला. लहान झालेल्या तव्याबरोबर स्पूल जमिनीला टेकू लागतो आणि हॅरो पुढे बुडत नाही.

खाली घट्ट थर झाला तो ओल्या रानात वारंवार हॅरो मारल्यानं. तवा कापतो तितकाच खालून दाबतो. १५ सेंटिमीटर खोलीवरची मूठभर माती घेऊन गोळा करा, कमरेच्या उंचीवरून टाका. फुटला तर वाफसा आहे, चपटा झाला तर ट्रॅक्टर घरी ठेवा. कृष्णाकाठच्या चोपण आणि पाणथळ रानात हे जास्तच पाळा, कारण तो थर पाण्याचा निचरा अडवतो आणि क्षार वर येतात. झालेला थर फोडायला हॅरो उपयोगाचा नाही. एप्रिल-मेमध्ये जमीन पूर्ण वाळल्यावर सबसॉयलर (खोल फाळाचं, थर फोडायचं अवजार) ४५ सेंटिमीटरपर्यंत, दीड मीटर अंतरावर चालवा. ओल्यात चालवला तर तो नुसती चीर पाडतो, थर फुटत नाही.