दृष्टी नसलेल्या वादीची साक्ष : वादमित्र लागत नाही

प्रश्न : काचबिंदूमुळे माझी दृष्टी काही वर्षांपूर्वी पूर्ण गेली. करवीर तालुक्यातल्या वडिलोपार्जित शेतीच्या वाटपासाठी मी भावांवर दावा लावलाय. पुढच्या तारखेला माझा उलटतपास आहे. भाऊ म्हणतात, याला दिसत नाही, आधी वादमित्र नेमा. मुलीला सोबत नेऊ का? ती माझी साक्षीदारही आहे. – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : भावांच्या म्हणण्याला कायद्याचा आधार नाही. वादमित्र म्हणजे स्वतः दावा चालवू न शकणाऱ्याच्या वतीने तो चालवणारी व्यक्ती. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ३२ अल्पवयीन मुलांसाठी आणि मनोविकार वा मानसिक दुर्बलतेमुळे स्वतःचं हित जपू न शकणाऱ्यांसाठी आहे. डोळ्यांचा तिथे संबंध येत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १३ नुसार तर तुमची कायदेशीर क्षमता इतरांच्या बरोबरीचीच आहे. त्यांनी तसा अर्ज दिलाच, तर त्यावर लेखी हरकत घ्या.

मुलीचं मात्र जपून. साक्षीदाराने स्वतःची साक्ष होण्याआधी दुसऱ्याची साक्ष ऐकू नये, हा कोर्टाचा रिवाज. ती तुमच्याजवळ उभी राहिली की समोरचे वकील लगेच हरकत घेतील, आणि पुढे तिच्या साक्षीवर पढवल्याचा शिक्का मारतील. जावई, शेजारी, कुणीही चालेल. दाव्याशी संबंध नसला म्हणजे झालं.

सोयी आयत्या वेळी तोंडी मागू नका. वकिलांकरवी आधीच अर्ज द्या, त्यात २०१६ च्या कायद्याच्या कलम १२ चा उल्लेख करा आणि दिव्यांगत्व प्रमाणपत्राची किंवा यूडीआयडी कार्डाची (दिव्यांगांच्या ओळखपत्राची) प्रत जोडा. पिंजऱ्याजवळ सोबती असावा, प्रत्येक कागद विचारण्याआधी वाचून दाखवावा, साक्ष टाईप झाल्यावर ती सहीपूर्वी पूर्ण वाचून दाखवावी, एवढं मागा. कैफियत (भावांचं लेखी उत्तर) आणि दस्तांच्या प्रती युनिकोडमध्ये मिळाल्या तर उत्तम. आपल्याकडे बरेच वकील अजून श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाईप करतात, आणि त्या फाईलवर मोबाईलचा वाचक (स्क्रीन रीडर) अगम्य काहीतरी बडबडतो. स्कॅन केलेल्या पानांवर तर तो गप्पच बसतो.

खरी कसोटी उलटतपासाची. 'ही सही तुमचीच ना?' म्हणून कागद पुढे येईल. 'हो' म्हणायची घाई नको आणि रागाने 'नाही' म्हणणंही नको. 'मला दिसत नाही. दस्त कसला, कोणत्या तारखेचा, ते वाचून दाखवा. तशा दस्तावर सही केली होती की नाही ते सांगतो,' एवढंच बोला. दृष्टी जाण्यापूर्वी जे पाहिलं ते पाहिलं म्हणून सांगा, नंतरचं ऐकलं म्हणून सांगा. आवाजावरून माणूस ओळखता येतो. पटण जमाल वली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये हेच मानलं आणि अपंगत्वामुळे साक्ष दुय्यम ठरत नाही, असं स्पष्ट केलं. तो खटला फौजदारी होता, पण मुद्दा इथेही लागू पडतो.

सही जमत असेल तर सहीच करा. दिसत नाही म्हणून अंगठाच द्यावा, असं काही नाही. सरतपासाच्या (उलटतपासाआधीच्या तुमच्या साक्षीच्या) प्रतिज्ञापत्रावर 'वाचून दाखवले, समजले' असा शेरा आहे का, तेही वकिलांना विचारून ठेवा.

खर्च झेपत नसेल तर दिव्यांग व्यक्तीला विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ खाली उत्पन्नाची अट न लागता मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा किंवा १५१०० वर फोन करा.

आणि रिक्षावाल्याला नुसतं 'कोर्ट' म्हणू नका. सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच बसतं. तुमचा दावा कसबा बावडा रोडवरच्या न्यायसंकुलात आहे.