जखमी होऊन निसटलेल्या जनावराचे पैसे का द्यायचे?

नामिबियात मार्गदर्शकासह मोठ्या जनावरांच्या शिकारीला जाण्याचे आपण ठरवले आहे आणि तीन गोष्टी विचारल्या आहेत: रायफल कोणती न्यावी, खर्च किती येतो, आणि गोळी लागूनही हाती न आलेल्या जनावराची ट्रॉफी फी, म्हणजे दर जनावरामागे शिकाऱ्याकडून घेतली जाणारी रक्कम, भरावी लागणे ही लूट नव्हे काय. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे थोडक्यात देतो. तिसरा प्रश्न मी याआधी माझ्या एका जवळच्या मित्राच्या तोंडून जवळजवळ याच शब्दांत ऐकलेला आहे आणि त्यावरून आमचे संबंध पूर्वीसारखे राहिलेले नाहीत, म्हणून त्यावर सविस्तर लिहितो.

नामिबियाच्या नियमांत गोळी नळीतून सुटताना तिच्यात किती ऊर्जा असते ते पाहिले जाते. स्प्रिंगबॉकसारख्या लहान हरणांसाठी किमान १३५० ज्यूल, कुडू, गेम्सबॉक, इलंड या मोठ्या हरणांसाठी २७०० ज्यूल आणि रानरेडा व हत्ती यांच्यासाठी ५४०० ज्यूल लागतात. .३०-०६ ही रायफल मधल्या गटाला सहज पुरते. रेड्यासाठी जायचे असेल तर .३७५ हॉलंड अँड हॉलंड घ्यावी. १९१२ साली निघालेले हे काडतूस आफ्रिकेत आजही विश्वासाने वापरले जाते. पिस्तूल आणि अर्धस्वयंचलित बंदुका शिकारीला चालत नाहीत. हाताला सवय झालेली रायफल असेल तर तीच न्यावी, कारण केवळ या सफारीसाठी जड रायफल विकत घेऊन तिच्या धक्क्याला बिचकत चाप ओढणारा माणूस जनावर मारण्यापेक्षा जखमीच अधिक करतो. तीन काठ्यांच्या तिकाटण्यावर रायफल ठेवून उभ्याने नेम धरण्याचा सराव निघण्यापूर्वी काही महिने तरी करावा. बाकावर बसून कागदावर पाडलेल्या भोकांवरून तिथे कोणी आपली पारख करणार नाही.

खर्चाचे दोन भाग असतात: दिवसाचा दर आणि जनावरागणिक ट्रॉफी फी. कातडी व शिंगे जंतुमुक्त करणे, बांधणी, जहाजाने किंवा विमानाने पाठवणे आणि पुढचे टॅक्सिडर्मीचे, म्हणजे कातडीत भुसा भरून जनावर टिकवण्याचे काम यांचा हिशेब लोक आधी धरत नाहीत आणि नंतर कुरकुर करतात. तो आधीच लेखी मागून घ्यावा.

आता तिसरा प्रश्न. आम्ही दोघे नामिबियाच्या वायव्येला, कुनेने प्रदेशातल्या एका कन्झर्व्हन्सीत, म्हणजे गावकऱ्यांनी मिळून नोंदवलेल्या वन्यजीव क्षेत्रात, गेम्सबॉकसाठी गेलो होतो. बरोबर परवानाधारक मार्गदर्शक, त्याचा माग काढणारा सहकारी आणि कन्झर्व्हन्सीचा एक गेम गार्ड, म्हणजे वन्यजीवांचा राखणदार, होता. सकाळच्या उन्हात मोपानेच्या झुडपांच्या कडेला एक वयस्क नर एकटा दिसला. पाळी मित्राची होती. तिकाटणे रोवले गेले, रायफल त्यावर बसली, परंतु नर आमच्याकडे तिरके तोंड करून उभा होता आणि त्याचा पुढचा पाय छातीच्या आड येत होता. मार्गदर्शक मित्राच्या कानाशी हळूच म्हणाला, “थांबा, त्याला वळू द्या,” आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच म्हणाला. मित्र थांबला नाही. गोळी लागल्याचा जो आवाज परत आला तो पोकळ आणि दबका होता. मार्गदर्शकाने काही न बोलता रायफलीची खिट्टी पुन्हा तपासली, आणि माग काढणारा माणूस जनावर उभे होते त्या जागेकडे चालू लागला.

त्या माणसाचे काम मी जवळून पाहिले आहे आणि हे उत्तर लिहिण्यामागे तेच कारण अधिक आहे. त्याने वाळूवरचा रक्ताचा एक थेंब बोटांत चोळला, हुंगला आणि मार्गदर्शकासमोर धरला. रक्त काळपट होते आणि त्यात हिरवट चोथ्याचा कण होता, म्हणजे गोळी छातीच्या मागे, पोटात गेली होती. पोटात लागलेले जनावर लगेच हुसकले तर कित्येक मैल पळते आणि थोडा वेळ दिला तर सावलीला बसते, म्हणून आम्ही थांबलो. मग तो निघाला. तो ठशांवरून कधीच चालत नसे. ठसे एका बाजूला ठेवून, सूर्य शक्यतो समोर राहील अशा बेताने चाले, कारण समोरून तिरपे ऊन आले की ठशाच्या कडेची सावली उठून दिसते. माग तुटला की शेवटच्या खुणेवर एक काटकी खोचून ठेवी आणि तिच्याभोवती वाढत्या फेऱ्या घाली. एका जागी मला अगदी स्पष्ट दिसणारा खुराचा ठसा मी त्याला उत्साहाने दाखवला, तेव्हा त्या ठशाच्या तळावरून आडव्या गेलेल्या किड्याच्या बारीक रेषेकडे त्याने बोट केले. रात्री फिरणारा किडा त्यावरून गेला होता, म्हणजे ठसा आदल्या दिवसाचा होता.

दुपारी जनावर बसल्याची जागा सापडली. वाळूत पुढच्या गुडघ्यांचे दोन खळगे होते आणि पोटाखालचे रक्त अजून ओले होते. आमची चाहूल लागून ते नुकतेच उठले होते. तिथून पुढे सगळे रायफली सज्ज ठेवून चालले, कारण जखमी गेम्सबॉक झुडपाला पाठ लावून उभा राहतो आणि जवळ येणाऱ्यावर शिंगे चालवतो; त्या शिंगांनी सिंहही मेले आहेत. परंतु ते दिसले नाही आणि सूर्य मावळला. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापुढे शिकार करण्यास तिथे कायद्याने बंदी आहे. दुसऱ्या दिवशी उजाडताच पुन्हा सुरुवात केली. रात्रीच्या वाऱ्याने ठशांच्या कडा बुजल्या होत्या. पुढे माग बसाल्टच्या गोट्यांच्या माळावर चढला आणि त्यापलीकडच्या पाणवठ्यावर इतर गेम्सबॉकांच्या खुरांत मिसळून गेला. माग काढणाऱ्याने त्यानंतरही उन्हात कितीतरी फेऱ्या मारल्या. माझा मित्र तोवर गाडीत जाऊन बसला होता.

संध्याकाळी गेम गार्डने आपल्या इव्हेंट बुकात, म्हणजे वन्यजीवांविषयीच्या घटनांच्या नोंदवहीत, नोंद केली आणि कन्झर्व्हन्सीच्या त्या वर्षीच्या कोट्यातून एक गेम्सबॉक वजा झाला. मित्राचे म्हणणे असे होते की हाती काही लागले नाही तर पैसे कशाचे, आणि जनावर शोधून देणे हे मार्गदर्शकाचे काम असल्याने अपयशही त्याचेच. करारातले कलम दाखवल्यावर त्याने पैसे भरले, परंतु आपण फसवले गेलो असे तो आजही चारचौघांत सांगतो.

मी त्याला तेव्हा जे सांगितले तेच आपल्याला सांगतो. ट्रॉफी फी म्हणजे शिंगांची किंमत, असे समजल्यामुळे ही तक्रार उभी राहते. नामिबियाने १९९६ साली कायद्यात दुरुस्ती करून सामुदायिक जमिनीवरच्या लोकांना वन्य जनावरांपासून उत्पन्न घेण्याचा अधिकार दिला आणि १९९८ साली पहिल्या कन्झर्व्हन्सी नोंदवल्या गेल्या. आज त्या ८६ आहेत. जनावरांची मोजदाद होते, तिच्या आधारे सरकार कोटा ठरवून देते आणि शिकारीच्या उत्पन्नातून गेम गार्डांचे पगार निघतात. मारलेल्या जनावराचे मांस गावात वाटले जाते. जे जनावर जखमी होऊन कुठेतरी कोल्ह्या-तरसांच्या तोंडी गेले, ते गावाच्या हिशेबातून गेलेच आणि त्याचे मांसही गेले. गोळी झाडणाऱ्याने त्याचे पैसे द्यायचे नाहीत तर मग ते नुकसान गावाने का सोसावे?

दुसरे कारण मला याहून महत्त्वाचे वाटते. रक्त सांडले की पैसे लागू, हा नियम नसता तर जखमी जनावराच्या मागे दोन दिवस उन्हात फिरण्याऐवजी दुसरे, अधिक लांब शिंगांचे जनावर शोधायला निघणे शिकाऱ्याला सोयीचे ठरले असते, आणि गिऱ्हाईक खूश ठेवू पाहणाऱ्या कमकुवत मार्गदर्शकालाही तेच परवडले असते. या नियमामुळे चाप ओढण्यापूर्वी माणूस एक श्वास अधिक थांबतो. न थांबण्याचा हक्क पैसे भरून विकत घेता येतो असे ज्याला वाटते त्याने रायफल हातात घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे आणि मित्राला ते आवडले नाही म्हणून मी ते बदललेले नाही.

काही गोष्टी मात्र मान्य केल्या पाहिजेत. कुंपणाच्या खासगी शेतावर शिकार केली तर गावाचा मुद्दा लागू होत नाही, कारण १९७५ च्या अध्यादेशानुसार तिथल्या अशा जनावरांवर मालकाचा हक्क असतो. फी तिथेही लागते, परंतु ती मालकाकडे जाते. सगळ्याच कन्झर्व्हन्सींत पैशांचे वाटप चोख होते असाही माझा दावा नाही. दक्षिण आफ्रिकेत पिंजऱ्यात वाढवलेले सिंह बंदिस्त जागेत सोडून मारू देण्याचा जो धंदा चालत आला आहे, त्याचे समर्थन मी कोणत्याही कारणाने करणार नाही. शिवाय गोळी नुसती कातडीला चाटून गेली आणि जनावर नंतर धडधाकट दिसले तर काही मार्गदर्शक फी सोडून देतात, काही देत नाहीत. म्हणून आगाऊ रक्कम पाठवण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी विचारून घ्या: ‘जखमी’ कशाला म्हणायचे, माग किती वेळ काढला जाईल, आणि नंतर ते जनावर मेलेले सापडले तर शिंगे कोणाची. मार्गदर्शकाचा परवाना कोणत्या वर्गाचा आहे तेही पाहा; रेडा, हत्ती, सिंह अशा धोकादायक जनावरांसाठी त्याच्याकडे वेगळी पात्रता असावी लागते.

एवढे करूनही हे कलम आपल्याला लूटच वाटत असेल तर त्यावर सही करू नका. एटोशा राष्ट्रीय उद्यानात शिकारीला बंदी आहे आणि कोरड्या हंगामात तिथल्या पाणवठ्यांवर गेम्सबॉक गाडीतूनच जवळून पाहायला मिळतात. आपण कॅमेरा घेऊन तिथे जावे.